रायफलराव

पश्चिम पेनसिल्व्हेनियात नोव्हेंबर लागला, की ऑफिसातल्या कॉफीच्या यंत्रापाशी दोनच विषय उरतात: फुटबॉल आणि हरीण. फुटबॉलवर कुणीही बोलावं, पण हरणावर बोलण्याचा मान रायफलरावांचा. हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पिट्सबर्गच्या आम्हा चार मराठी मंडळींनी आपापसात ठेवलेलं आहे. पाळण्यातलं नाव सांगून उपयोगही नाही, कारण रायफलराव एकटे नाहीत. इथल्या प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक आळीत एक तरी रायफलराव असतातच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, घराचे हप्ते संपत आलेले, मुलं कॉलेजात गेलेली, आणि हातात प्रथमच असा पैसा खुळखुळू लागलेला, की ज्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नाही.

त्यांना ओळखायचं कसं? त्यांचं पाकीट बघावं. चारचौघांच्या पाकिटात बायकोमुलांचा फोटो असतो. रायफलरावांच्या पाकिटात कागदाचा एक चौकोनी तुकडा असतो, रीतसर लॅमिनेट केलेला. त्यावर तीन भोकं एकमेकांना चिकटून, बेलाचं पान असावं तशी. कडेला बारीक अक्षरात तारीख, तापमान, वाऱ्याची दिशा आणि काडतुसांच्या खोक्याचा नंबर. हा तुकडा टेबलावर ठेवून रायफलराव खिशातून पाव डॉलरचं नाणं काढतात आणि भोकांवर ठेवतात. भोकं झाकली जातात. ते नाणं उचलतात, भोकं दिसतात. पुन्हा ठेवतात, पुन्हा झाकतात. समोरच्याच्या तोंडून ‘वा!’ निघेपर्यंत हा प्रयोग चालतो. मी हल्ली नाणं खिशातून निघायच्या आधीच ‘वा!’ म्हणून टाकतो.

या भोकांचं शास्त्र असं. एका अंशाचे साठ भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे एक मिनिट. शंभर यार्डांवर हे एक मिनिट उलगडून १.०४७ इंच होतं. महागड्या कारखानी रायफली बनवणारे अलीकडे लेखी हमी देतात, की चांगलं काडतूस घातलं तर शंभर यार्डांवर तीन गोळ्या या एका मिनिटाच्या आत पडतील. रायफलरावांनी ही हमी विकत घेतली. तिच्यासोबत एक रायफलही आली.

ती यूटातल्या गनिसन गावच्या क्रिस्टेन्सन कारखान्याची. पोलादाची पातळ नळी आणि तिच्यावर कार्बन फायबरचं वेष्टन. दस्ताही कार्बन फायबरचा. नळीच्या तोंडाशी ब्रेक, म्हणजे खांद्याला धक्का कमी आणि शेजाऱ्याच्या कानाला जास्त. सगळं मिळून अडीच हजार डॉलरांच्या घरात. दुर्बीण अर्थातच वेगळी. ‘रायफलीला जेवढे मोजलेस तेवढेच काचेला मोज’ हे या पंथाचं आद्य वचन आहे, आणि रायफलराव वचनाला जागणारे.

एकदा त्यांनी मला चांदमारीला नेलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हळूहळू बंद झाली. बंदुकीशी माझा संबंध जत्रेत फुगे फोडण्यापुरता, त्यामुळे माझी नेमणूक ‘वा!’ म्हणण्यासाठीच झाली होती. रायफलरावांनी टेबल पुसलं. पुढे वाळूची एक पिशवी, मागे दुसरी. त्यावर रायफल अशी अलगद ठेवली, की बाळंतिणीच्या खोलीत वावरणाऱ्या सुईणीनं बघून शिकावं. श्वास सोडला. पहिला बार. मग पाच मिनिटं शांतता, कारण नळी निवायला हवी. दुसरा बार. पुन्हा पाच मिनिटं. तिसरा बार. आणि रायफलराव उठून हातमोजे काढायला लागले.

“चौथी?” मी विचारलं.

“चौथी कशाला?”

“नाही, सहज. आणखी एक.”

“हमी तीनचीच आहे,” ते म्हणाले. “आणि हरीण काय चौथ्या गोळीपर्यंत उभं राहणार आहे?”

हरीण तिसरीपर्यंत तरी कशाला उभं राहील, हा प्रश्न मी गिळला. पुढे कळलं, की चौथी गोळी न झाडणं हा नुसता कंजूषपणा नाही, त्यात धोरण आहे. तीन गोळ्यांचं वर्तुळ लहान दिसतं. दहा झाडा, तीच रायफल, तोच माणूस, वर्तुळ वाढतंच. हे संख्याशास्त्र रायफलरावांना पुरेपूर ठाऊक आहे. पाकिटात जागा मात्र तीन गोळ्यांपुरतीच आहे.

आता या कथेत सासरेबुवा आले पाहिजेत. रायफलरावांचे सासरे पेनसिल्व्हेनियाच्याच पॉटर काउंटीतल्या जंगलात लाकडी कॅम्प बाळगून आहेत. त्यांच्या मते १९६४ सालानंतर जगात बंदूक अशी तयारच झालेली नाही. विंचेस्टरचं मॉडेल ७० निघालं १९३६ साली. १९६४ मध्ये खर्च कमी करण्यासाठी कंपनीनं ते बदललं: काडतूस घट्ट धरून ठेवणारा मोठा पोलादी पंजा गेला, दस्त्यावरची हाताने कोरलेली नक्षी जाऊन दाबून उठवलेली आली. तेव्हापासून ‘चौसष्टच्या आधीची’ हे शब्द इथले म्हातारे आपल्याकडे ‘गिरणीच्या काळातलं’ म्हणतात त्या सुरात उच्चारतात. सासरेबुवांकडे तशी एक आहे. जावयाच्या कार्बनला ते ‘मासे पकडायची काठी’ म्हणतात.

पण सासरेबुवांनाही फार वर चढवू नये. ती चौसष्टच्या आधीची विंचेस्टर ते जंगलात नेत नाहीत. ओरखडा पडेल. ती तिजोरीत मऊ फडक्यात असते. पाहुण्यांना दाखवायची, पुसायची, परत ठेवायची. जंगलात नेतात ती प्लास्टिकच्या दस्त्याची, पाचशे-सहाशे डॉलरवाली रूगर अमेरिकन. “ही पडली तरी चालते,” ते म्हणतात.

आणि रायफलरावांच्या काळजाला घरं पडतात ती इथेच. कारण ही पडली तरी चालणारी रूगर नेमही चांगला धरते. २०१२ साली ती बाजारात आली ती साडेचारशे डॉलरांच्या आसपास. त्याच्या दहाएक वर्षं आधी सॅव्हेज कंपनीनं कमी किमतीच्या रायफलींवर स्वच्छ सुटणारा, हवा तसा हलका करता येणारा चाप बसवायला सुरुवात केली होती. आता एवढ्या स्वस्तात हे कसं जमतं? पूर्वी नळी आणि काडतूस आत ढकलणारा बोल्ट यांच्यामधलं केसाएवढं अंतर कारागीर हाताने घासून जुळवत असे. सॅव्हेजच्या ११० मॉडेलनं १९५८ पासून तिथे नळीभोवती एक नट बसवला. नळी फिरवायची, माप लावायचं, नट आवळायचा, काम झालं. पुढे संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि ती स्वस्त-महाग असा भेद करीनात. फिनलंडची टिक्का, जपानच्या होवा कारखान्यात घडणारी वेदरबी व्हॅनगार्ड, यांनी तर तीच एका मिनिटाची हमी कितीतरी कमी पैशात द्यायला सुरुवात केली. मग वरचे दीड-दोन हजार कशाचे?

हा प्रश्न मी विचारला. रायफलरावांनी लपवाछपवी केली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. त्यांनी मला दोन्ही रायफलींचे बोल्ट मागेपुढे करायला लावले. सासरेबुवांच्या रूगरचा खरखरत गेला, रायफलरावांचा तुपात बोट फिरावं तसा. मग रूगरचा दस्ता पुढच्या बाजूला दाबून दाखवला. प्लास्टिक दबून नळीला टेकलं. त्यांचा दस्ता ढिम्म. “आणि वजन?” मी म्हणालो. त्यावर ते किंचित घुटमळले. कारण प्लास्टिकवाली रूगरही भरते सहा-सव्वासहा पौंडांच्या आसपास आणि कार्बनवालीही तिथेच. “पण माझी नळी जाड आहे,” ते म्हणाले. “त्याच वजनात जाड. जाड म्हणजे ताठ. समजलं?” मी ‘वा!’ म्हणालो.

तर हा फरक खोटा नाही. वायोमिंगच्या डोंगरात, दहा हजार फुटांवर, एल्क या मोठ्या हरणाच्या मागे आठ दिवस चालायचं असेल आणि नेम चारशे यार्डांवर धरायचा असेल, तर ताठ नळी, न दबणारा दस्ता आणि गंज न चढणारा रंग यांचे पैसे वसूल होतात. रायफलरावांनी ती घेतली तीही वायोमिंगसाठीच. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तिथे एल्कचा परवाना सोडतीत मिळतो, आणि सोडतीत वर सरकायला दरसाल एकेक गुण साठवावा लागतो. रायफलराव गुण साठवताहेत. तोवर रायफल जाते पॉटर काउंटीत. तिथल्या झाडीत शंभर यार्डांपलीकडे दिसलंच काही, तर ती बहुधा शेजारच्या कॅम्पवाल्याची नारिंगी टोपी असते.

गेल्या हंगामाच्या आधी सासरेबुवांनी एक परीक्षा घेतली. जेवणाची कागदी बशी शंभर यार्डांवर झाडाला खिळली. हरणाच्या काळीज-फुप्फुसाचा भाग साधारण आठ इंचांचा, म्हणजे बशीएवढाच. “आता उभा राहा,” ते म्हणाले. “टेबल नाही, वाळू नाही. जंगलात पिशव्या कोण वाहून नेतो?” रायफलरावांनी उभ्याने पाच गोळ्या झाडल्या. बशीला दोन लागल्या. मग सासरेबुवांनी आपली रूगर पुढे केली. पाचातल्या दोनच लागल्या. दोन्ही रायफली सारख्या निघाल्या, कारण मागचा खांदा एकच होता. सासरेबुवांनी स्वतः मात्र बार काढला नाही. थंडीने बोटं आखडली होती म्हणे.

मला वाटतं, रायफलरावांचा खरा तोटा पैशांचा नाहीच. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण जगभरच्या नेमबाजांचा आधार आहे. आधीची रायफल होती तेव्हा त्यांचं किती छान चाललं होतं! चाप जड, नळी तापते, दस्ता फुगतो. नेम चुकला की बोट ठेवायला जागाच जागा. अडीच हजार डॉलर मोजून त्यांनी अंगण सरळ करून घेतलं, वर त्याची लेखी हमी घेतली, आणि मग लक्षात आलं, की आता चुकलं तर नाचणाराच उरतो.

पण रायफलराव हार मानणारे नव्हेत. पेनसिल्व्हेनियाचा रायफलीचा हंगाम पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा. त्या दिवशी शाळांनाही सुटी असे. २०१९ पासून तो दोन दिवस आधी, शनिवारी उघडतो. त्या शनिवारी रायफलराव नियमाप्रमाणे अडीचशे चौरस इंच नारिंगी कपडा अंगाडोक्यावर चढवून पहाटे मचाणावर बसले. नऊच्या सुमारास चांगला शिंगवाला नर पन्नास पावलांवर येऊन उभा राहिला. रायफलरावांनी डोळा दुर्बिणीला लावला आणि त्यांना दिसले फक्त केस. तपकिरी केस, एकेक सुटा. दुर्बीण चांदमारीच्या दिवशी पंचवीस पटींवर ठेवलेली, ती तशीच राहिली होती. हे केस पुढचे की मागचे, हे ठरवायला त्यांनी चकती फिरवून पट कमी केली. तेवढ्यात नराने पांढरी शेपटी झेंड्यासारखी उभारली आणि तो झाडीत दिसेनासा झाला.

सोमवारी कॉफीच्या यंत्रापाशी सगळे वाट पाहत होते. रायफलरावांनी सावकाश साखर ढवळली.

“हरीण फार जवळ आलं,” ते म्हणाले. “ही रायफल लांबच्यासाठी आहे.”

म्हणजे चूक हरणाचीच. कुणी हसलं नाही, कारण यंत्राभोवतीच्या निम्म्या लोकांच्या तिजोऱ्यांत असलीच एखादी हमी पडलेली आहे.

आता परवा त्यांनी मला दुसरीच एक माहितीपत्रिका दाखवली. जर्मनीतल्या इस्नी गावची ब्लेझर आर-८. बोल्ट वर उचलायचा नाही, सरळ मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. नळी बदलली की तीच रायफल दुसऱ्या काडतुसाची. आधीच्या रायफलीपेक्षा किंमत बरीच वरची. बायकोला काय सांगणार, असं मी विचारलं.

“हे आपल्यासाठी नसून निसर्गासाठी आहे, असं सांगणार,” ते गंभीरपणे म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण त्यात तथ्य निघालं. इथे रायफली आणि काडतुसांवर बनवणाऱ्याच्या किमतीवर अकरा टक्के कर आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं तो पैसा वन्यप्राणी आणि त्यांची रानं सांभाळण्यासाठी राज्यांना वाटला जातो. म्हणजे सासरेबुवांच्या रूगरने हरणांना दिले थोडेसे डॉलर आणि वर दरसाल एक हरीण नेलं. रायफलरावांनी दिले त्याच्या कितीतरी पट आणि अजून एकही नेलेलं नाही.

तेव्हा महागडी कारखानी रायफल पैशाच्या मोलाची आहे की नाही, हा प्रश्न आजवर आपण चुकीच्या माणसांना विचारत आलो. पॉटर काउंटीतल्या हरणांना विचारा. त्यांचं मत असं, की रायफलरावांनी ब्लेझर घ्यावीच, आणि काचेवर तेवढेच पैसे घालावेत.