कट, कॉपी, सर्टिफिकेट : कळमन्यातल्या नवशिक्यांसाठी

ज्यांची बारावी झाली आहे, बी.कॉम.ला नाव घातलं आहे पण कॉलेज फक्त परीक्षेला दिसतं, आणि ज्यांच्याबद्दल घरात 'हा दिवसभर मोबाइलच पाहतो' एवढाच अहवाल दिला जातो, अशा होतकरूंसाठी ही मार्गदर्शिका आहे. नागपूरच्या कळमना मार्केट यार्डात घरची अडत असो नाहीतर वडील हमाली करोत, नियम सगळ्यांना सारखेच लागू आहेत. मोबाइल पाहणे हा धंदा होऊ शकतो, हे घरी पटवण्याचा सध्याचा सोपा मार्ग म्हणजे व्हिडिओ एडिटिंगचा सर्टिफिकेट कोर्स.

पायरी पहिली : घरी सांगणे

'एडिटिंग' हा शब्द पहिल्या दिवशी काढू नका. 'कॉम्प्युटरचा कोर्स' म्हणा. 2001 साली एमएस-सीआयटी आली तेव्हापासून महाराष्ट्रातल्या आईवडिलांचा कॉम्प्युटरच्या कोर्सवर विश्वास बसलेला आहे. तिथे काय शिकवतात हे कोणी विचारत नाही, सर्टिफिकेट मिळतं ना, एवढंच विचारतात. वडिलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "हे शिकून कोणाचं भलं झालं?" त्यासाठी एक नाव तयार ठेवा : राजकुमार हिरानी. जन्म नागपूरचा, 1962 चा. वडिलांची नागपुरात टायपिंग इन्स्टिट्यूट होती, म्हणजे सर्टिफिकेटचा धंदा घरातच. मुलगा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये एडिटिंग शिकला, 'मिशन कश्मीर'चं (2000) संकलन केलं आणि पुढे 'थ्री इडियट्स' (2009) स्वतःच दिग्दर्शित करून स्वतःच कापला. तुमचे वडील गप्प बसतील. ती पुण्याची इन्स्टिट्यूट 1960 पासून प्रभात स्टुडिओच्या जागेवर उभी आहे, तिची प्रवेश परीक्षा असते आणि एडिटिंगचा मुख्य अभ्यासक्रम काही वर्षांचा असतो, तुमचा तीन महिन्यांचा आहे, हा तपशील सांगायची गरज नाही. विचारलंच तर म्हणा, "आता कॉम्प्युटर फास्ट झाले."

पायरी दुसरी : क्लास निवडणे

कळमन्याहून निघा, शेअर ऑटोने प्रजापती नगर गाठा. मेट्रोच्या ॲक्वा लाइनचं पूर्वेकडचं ते शेवटचं स्थानक, 2022 च्या डिसेंबरात सुरू झालेलं. तिथून सीताबर्डी. वाटेत खांबाखांबावर '100% जॉब गॅरंटी' दिसेल. आत गेलात की एक मॅडम थंड पाणी देतात आणि एक सर मोठ्या टीव्हीवर 'आमच्या विद्यार्थ्यांचं काम' लावतात. ड्रोनमधून अंबाझरी तलाव, संथ गतीने उडणारी ओढणी, स्फोट होऊन उमटणारी अक्षरं.

इथे कळमन्याच्या पोराला क्लासच्या सरांपेक्षा जास्त कळतं. हर्रासात वरची संत्री पाहून ढिगावर बोली लावणारा व्यापारी यार्डात एक हंगामही टिकत नाही, तो खाली हात घालून पाहतो. तुम्हीही खाली हात घाला. म्हणा, "सर, मागच्या बॅचमधल्या सगळ्यात साध्या पोराचं पहिल्या महिन्यातलं काम दाखवा." सर दाखवणार नाहीत, पण ते कोणत्या कारणाने दाखवत नाहीत ते ऐकण्यासारखं असतं.

सर्टिफिकेटंही एका जातीची नसतात. एक क्लासचं स्वतःचं : सोनेरी किनार, दोन सह्या, एक शिक्का, लॅमिनेशन मोफत. दुसरं सॉफ्टवेअर कंपनीचं : ॲडोबीची परीक्षा अधिकृत केंद्रामार्फत द्यावी लागते, डाविंची रिझॉल्व्हची ऑनलाइन होते. पहिलं घरच्या भिंतीसाठी. दुसऱ्याचा उपयोग मुंबई-पुण्यात अर्ज करताना थोडाफार होतो. लग्नाचे व्हिडिओ जुळवणाऱ्या नागपूरच्या मिक्सिंग लॅबमध्ये दोन्हींची किंमत सारखीच, तिथे फक्त "एडियस येतं का?" विचारतात.

पायरी तिसरी वगळली आहे. एडिटिंग शिकताय ना, मग जे नाही त्याची सवय लावून घ्या.

पायरी चौथी : सॉफ्टवेअर

ॲडोबीचं प्रीमियर 1991 पासून आहे आणि आता महिन्याच्या भाड्याने मिळतं. रिझॉल्व्ह मूळचं रंग दुरुस्त करणारं महागडं यंत्र होतं, 2009 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिकने ते विकत घेतलं आणि पुढे त्याची एक आवृत्ती फुकट वाटायला सुरुवात केली. एडियस लग्नवाल्यांचं लाडकं, कारण त्यात रेडीमेड गाण्यांचे प्रोजेक्ट मिळतात : नवरदेव-नवरीचे फोटो खड्ड्यात टाका, गुलाबाच्या पाकळ्या आपोआप पडतात.

क्लासमधल्या कॉम्प्युटरांवर यातलं जे असेल ते बहुधा 'क्रॅक' केलेलं असतं. गंमत अशी की ॲडोबीच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात पाच विभाग आहेत आणि पहिल्याच विभागात कॉपीराइट आणि परवाने यांवर प्रश्न असतात. तो धडा तुम्ही चोरीच्या प्रतीवर शिकाल. सर हा धडा गंभीर चेहऱ्याने शिकवतात. तेवढ्यासाठी तरी त्यांना मानायला हवं.

पायरी पाचवी : लाल पडदा

पहिल्या आठवड्यात तुम्ही पेनड्राइव्हवरून व्हिडिओ उघडाल, छान कापाल, सेव्ह कराल, पेनड्राइव्ह काढून घरी न्याल. दुसऱ्या दिवशी सगळा पडदा लालभडक आणि त्यावर बऱ्याच भाषांत एकच निरोप : मूळ फाइल सापडत नाही. घाबरू नका, पण हे नीट समजून घ्या. क्लासमध्ये हे शेवटच्या आठवड्यात सांगतात, सांगितलंच तर. एडिटिंगचं सॉफ्टवेअर व्हिडिओ स्वतःजवळ ठेवत नाही. त्याच्याजवळ असतो फक्त पत्ता, आणि कोणत्या सेकंदापासून कोणत्या सेकंदापर्यंत दाखवायचं याची यादी. म्हणूनच दहा वेळा कापलं तरी मूळ चित्रीकरणाला ओरखडा उठत नाही, आणि म्हणूनच फोल्डरचं नाव बदललं तरी सगळं हरवतं. म्हणून काम सुरू करण्याआधी सगळं एका फोल्डरमध्ये, एका डिस्कवर आणा आणि नंतर हलवू नका.

पायरी सहावी : आकडे

कॉमर्सवाल्यांना हा भाग आवडेल. चांगला कॅमेरा फोर-के चित्रीकरण सेकंदाला 100 मेगाबिटच्या आसपास नोंदवतो, म्हणजे तासाला 45 जीबी. दोन कॅमेरे, हळदीपासून पाठवणीपर्यंत धरा सहा तास : 540 जीबी. एवढं तुमच्या लॅपटॉपला उघडत नाही, म्हणून आधी हलक्या नकला बनवायच्या, त्यांना प्रॉक्सी म्हणतात. त्यावर कापायचं आणि शेवटी खरी फाइल जोडायची.

दुसरा आकडा 50. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनं पूर्ण करते, म्हणून सेकंदाला 25 चौकटी आणि शटर पन्नासांश सेकंदावर ठेवला की लॉनमधले दिवे लुकलुकत नाहीत. तरी नवरीचा भाऊ मोबाइलवर 30 चौकटींनी शूट करून आणेल आणि म्हणेल, "हेही टाका." मोबाइल तर त्या 30 सुद्धा नेमाने देत नाही, कमीजास्त करतो. मग मंगलाष्टकं हळूहळू गुरुजींच्या ओठांच्या मागे पडतात आणि 'शुभमंगल सावधान' अक्षता पडून झाल्यावर ऐकू येतं. उपाय साधा आहे : हँडब्रेकसारख्या फुकटच्या साधनाने ती फाइल आधी ठरावीक चौकटींची करून घ्या.

तिसरा आकडा शून्य. डिजिटल आवाजाला शून्य डेसिबलच्या वर जागाच नसते. धुमाल वाजवणारे कॅमेऱ्याच्या शेजारून गेले की मीटर लाल होतो आणि वरचा सगळा आवाज कापला जातो, तो कोणत्याही सर्टिफिकेटने परत येत नाही.

शेवटचा आकडा पाऱ्याचा. मे महिन्यात तो 45 च्या वर गेला की कूलर कॉम्प्युटरच्या तोंडावर लावू नका. खसच्या पट्टीतून येणारी ओली हवा माणसाला सुखावते, मदरबोर्डला नाही. रेंडर रात्री लावा.

पायरी सातवी : खरा अभ्यास

वॉल्टर मर्च या अमेरिकी संकलकाने 'अपोकॅलिप्स नाऊ' कापताना साडेबारा लाख फूट चित्रीकरण चाळलं होतं. सुमारे 95 मिनिटांमागे एक मिनिट ठेवलं. त्याने पुढे कट कुठे द्यावा याचे सहा निकष मांडले आणि त्यांना टक्केही दिले : भावनेला 51, गोष्टीला 23, लयीला 10, उरलेले 16 नजर कुठे आहे, चौकटीची रचना आणि जागेचं भान यांना. आता क्लासच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका घ्या. रेझर टूलची शॉर्टकट की कोणती? सी. एक्स्पोर्टची? कंट्रोल एम. पहिल्या 51 टक्क्यांवर एकही प्रश्न नाही, कारण त्याचे चार पर्याय देता येत नाहीत.

ते 51 टक्के शिकवणारे गुरू लॉनमध्ये भेटतात. समजा, तुम्ही तीन तासांचं लग्न कापून, रडण्याच्या जागी रडणं आणि हसण्याच्या जागी हसणं ठेवून चाळीस मिनिटांवर आणलं. नवरीचे वडील येतात.

"का रे बाबू, आमच्या जवायाचा डान्स काऊन नाई दिसून राहिला?"

"काकाजी, आहे ना, वीस सेकंद ठेवला."

"वीस सेकंद? ते पुण्यावरून आले होते, रिझर्वेशन करून!"

इथे क्लासमधली एकही शॉर्टकट की कामाला येत नाही. जावयाचा पूर्ण डान्स घालावाच लागतो. पण तो कुठे घालायचा हे तुमच्या हातात आहे. अर्धं नाचणं दाखवा, मग कट देऊन तोच जावई पाठवणीच्या वेळी डोळे पुसताना दाखवा, मग परत डान्सवर या. आवाज धुमालचाच चालू ठेवा. चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे चालला की त्याला जे-कट आणि एल-कट म्हणतात. क्लासमध्ये याचे गुण दोन असतात. काकाजी खूश होतात, जावई हिरो होतो आणि तुमच्या चाळीस मिनिटांची चौरेचाळीस होतात. एवढी तडजोड मला मान्य आहे. पाहुणा महत्त्वाचा की कट, असा प्रश्न नागपुरात विचारतच नाहीत.

मुद्दा असा की बटणं तीन महिन्यांत येतात, त्यासाठी क्लासला दोष देऊ नये. पण काय फेकायचं हे ठरवायला माणसं ओळखावी लागतात, आणि जावई कोण, रुसलेली आत्या कोण, कोणत्या काकांना कोणत्या काकांच्या शेजारी दाखवायचं नाही, हे तुम्हाला कळमन्यात वाढल्यामुळे आधीच येतं. फक्त त्याचं सर्टिफिकेट कोणी देत नाही.

पायरी आठवी : परीक्षा आणि फोटो

पास व्हाल. सर्टिफिकेट छातीशी धरून फोटो काढा, स्टेटसला लावा, मामांचा अंगठा येईल. मग मिक्सिंग लॅबमध्ये जा. मालक सर्टिफिकेट बघणार नाही. एक हार्डडिस्क हातात देईल आणि म्हणेल, "उद्यापर्यंत टीझर." पहिले काही महिने तो पैशांऐवजी अनुभव देतो. अनुभव मोजून घ्या आणि त्यानंतर पैशाचं बोला.

आता शेवटचं, आणि हे फी भरण्याआधी वाचायचं आहे. ब्लॅकमॅजिकच्या संकेतस्थळावर रिझॉल्व्हची शिकवणीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, सरावाच्या चित्रफितींसकट. भाषा इंग्रजी, पण चित्रं भरपूर. पुस्तक संपलं की तासाभराची, पन्नास प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा देता येते. आधी ती देऊन पाहा. नापास झालात तर क्लास लावा, पण फी हप्त्याहप्त्याने आणि पावती घेऊनच भरा. पास झालात तर त्याच क्लासच्या पायऱ्या चढा आणि सरांना विचारा, शिकवायला माणूस हवा आहे का.