साडेतीन घोडे

कुटारानं भरलेल्या ट्रॅक्टरनं आपल्या मोटारीला मागं टाकावं, हा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. माझ्यावर आला. चिमूर-वरोरा रस्ता, एप्रिलातली दुपार, मी माझ्या मारुती ८०० मध्ये आणि मागून तो. हॉर्न वाजवला, बाजूनं निघाला आणि जाता जाता दोन ओंजळी कुटार माझ्या काचेवर शिंपडून गेला. चालवणाऱ्या पोरानं वळून पाहिलंही नाही. पाहून हसला असता तर निदान भांडता आलं असतं.

गाडी म्हातारी आहे, हे मान्य. १९९७ चं मॉडेल, एमएच ३४ पाटी, कार्ब्युरेटरवाली. या जातीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला मालकाच्या हाती गेली आणि शेवटची कारखान्यातून निघाली २०१४ च्या जानेवारीत. मधल्या तीस वर्षांत अर्धा देश क्लच सोडायला हिच्यावरच शिकला. इंजिन ७९६ सीसीचं, सिलिंडर तीन, घोडे सदतीस. हे घोडे कागदावरचे. पंधरा वर्षं झाली की नोंदणी नव्यानं करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, पण आरटीओच्या कचेरीत घोडे मोजून परत कोणी देत नाही.

घोड्यांच्या बाबतीत आमचं गाव चिमूर बेफिकीर नाही. माघात इथं श्रीहरी बालाजीची घोडायात्रा भरते. देव लाकडी घोड्यावर बसून निघतो, आणि त्या एका घोड्याला बघायला जेवढी गर्दी लोटते तेवढी माझ्या सदतिसांच्या वाट्याला कधी आली नाही. त्या घोड्याला हवा लागत नाही, पेट्रोल लागत नाही, आणि त्याला कुणी ओव्हरटेकही करत नाही. मोटारींशी मात्र चिमूरचं नातं वेगळं. १९४२ च्या ऑगस्टात सरकारी गाड्या गावात शिरू नयेत म्हणून आमच्या माणसांनी झाडं तोडून रस्त्यावर आडवी टाकली होती. म्हणजे गाड्या अडवण्याबद्दल आमचं नाव इतिहासात आहे, पळवण्याबद्दल नाही. माझ्या गाडीनं इतिहासाचा हा धडा फारच मनावर घेतला असावा.

सुट्टीत नागपूरहून भाचा आला. त्यानं गाडी एक फेरी मारून आणली, बोनेट उघडलं, आतल्या काळ्या डब्याकडे बोट दाखवलं आणि निदान सांगितलं, "मामा, हिचं नाक चोंदलंय. हा डबा काढून फेकू. कोल्ड एअर इनटेक टाकू."

मी निवृत्त शिक्षक. शिकवणाऱ्या माणसाला कुणी शिकवायला लागलं की तो लगेच विद्यार्थी होतो, कारण त्याला चुका काढायची संधी दिसते. पण भाच्याच्या बोलण्यात चूक सापडेना. इंजिन पेट्रोलवर चालतं, हा आपला समज पंपावर पैसे मोजावे लागतात म्हणून झालेला आहे. हवा विकत घ्यावी लागली असती तर ते हवेवर चालतं असं आपण म्हटलं असतं. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा ग्रॅमच्या आसपास हवा लागते. लिटरभर पेट्रोलचा हिशेब मांडला तर नऊ-दहा हजार लिटर हवा होते. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. एक लिटर पेट्रोलमागे एक टँकर हवा! आणि ही सगळी हवा त्या काळ्या डब्याच्या सोंडेतून, आतल्या कागदी फिल्टरमधून ओढून घ्यायची. वाट अरुंद असेल तर दम लागणारच.

दुसरं म्हणजे हवा गार हवी. गरम हवा विरळ असते. दहा अंश तापमान वाढलं की तेवढ्याच जागेतली हवा वजनानं साधारण तीन टक्के कमी भरते. हवा कमी म्हणजे जळण कमी, जळण कमी म्हणजे जोर कमी. आता आमच्याकडे नवतपा लागला की सावलीतला पारा ४६-४७ ला जातो. बोनेटखाली काय होत असेल, याचा विचार मी तोवर केला नव्हता. बोनेटखाली आपण बसत नाही ना.

भाच्यानं लाल कापडी शंकू आणला. कापसाच्या जाळीदार कापडाचा, तेलाचा हात दिलेला, दिसायला जत्रेतल्या भोंग्यासारखा. काळा डबा निघाला, क्लॅम्प लावून शंकू बसला. चावी फिरवली, अॅक्सिलरेटर दाबला आणि माझी गाडी चक्क गुरगुरली. तीन सिलिंडरची, दोन डझन वर्षं मुकाट्यानं वांगी-बटाटे वाहणारी माझी गाडी!

त्या दिवशी मी विनाकारण दोनदा बसस्टँडवर जाऊन आलो. गाडी पळत होती असं मी शपथेवर सांगितलं असतं. भाच्यानं मोबाईलवर वेळ लावून पाहिला. शून्यापासून साठला पोचायला पूर्वी जेवढा वेळ लागत होता तेवढाच लागला. पुन्हा लावला, पुन्हा तोच. मग त्यानं खाली मान घालून सांगितलं की तो काळा डबा नुसती हवा गाळत नाही, हवा आत ओढताना होणारा आवाजही गिळतो. डबा काढला की तो आवाज मोकळा होतो आणि चालवणाऱ्याला वाटतं, जोर मोकळा झाला. माझ्या नोकरीच्या काळात असे दोन सहकारी मी पाहिले आहेत. फरक आवाजात होता, निकालात नव्हता.

शिवाय शंकू उघडाच, इंजिनाच्या मांडीला मांडी लावून बसलेला. म्हणजे गार हवा राहिली बाजूला, रेडिएटरवरून तापून आलेली हवाच तो ओढत होता. यावर पाईप टाकून बाहेरची हवा आणायची, आणि पाईपसाठी आतल्या मडगार्डला भोक पाडायचं, असा भाच्याचा पुढचा बेत. मी तिथं शिक्षक झालो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलंय, हे मी त्याला ऐकवलं. खरं कारण वेगळं होतं. त्या मडगार्डला मागच्याच वर्षी रंग दिला होता.

मग मला माझी स्वतःची कल्पना सुचली. विदर्भातल्या माणसाला गार हवा म्हटलं की एकच वस्तू आठवते. घरच्या कूलरच्या जाळीतला वाळ्याचा एक तुकडा कापला, ओला केला आणि पुढच्या जाळीमागे, शंकूच्या रोखानं बांधला. हवा ओल्या वाळ्यातून गेली की गार होते, हे आख्खं चिमूर जाणतं. इंजिन काय परकं आहे? पहिले पाच किलोमीटर गाडीत सुगंध दरवळला. नेरीपर्यंत जाईतो वाळा वाळून खडखडीत झाला होता.

"घरच्या कूलरमध्ये पाणी टाकायला सांगितलं तर पाठ दुखते," बायको म्हणाली, "आणि गाडीला वाळा! उद्या तिला पन्हंही द्या."

मी उत्तर दिलं नाही. पन्ह्याचा विचार नाही म्हणायला मनात येऊन गेला होता.

खरा न्याय झाला कोलाऱ्याच्या वाटेवर. ताडोबाचं कोलारा गेट आमच्याच तालुक्यात. तिकडं सफारीच्या जिप्सी दिवसभर ये-जा करतात. त्या जिप्सी हाताखालून घालणारे एक मिस्त्री आहेत. जिप्सी ही ८०० ची धाकटी बहीण, १९८५ पासूनची. तिचं उत्पादन बंद झालं तरी जंगलात तिचा शब्द अजून चालतो. जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर एका जिप्सीमागे दुसरी असली की मागची अक्षरशः पुढचीची धूळ खाते. त्यामुळे त्या मिस्त्रींचं अर्धं आयुष्य एअर फिल्टर झटकण्यात गेलेलं. त्यांनी माझ्या बोनेटमध्ये डोकावून पाहिलं, शंकूवरून बोट फिरवलं, बोटाला आलेली लाल माती माझ्यासमोर धरली.

"हे काहून लावलं जी, गुरुजी?"

मी हवेचा सिद्धान्त सांगितला. टँकरचा दाखलाही दिला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वाघ पाहाले येनारे लोक तोंडाले दुपट्टा बांधते," ते म्हणाले, "अन् तुमी गाडीचा दुपट्टाच काढून टाकला!"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरलो असतो. बारीक माती म्हणजे बरीचशी गारगोटीची पूड. ती इंजिनात जाऊन तेलात मिसळली की व्हॉल्व्ह घासायला मिस्त्री वापरतात तसली पेस्ट तयार होते, आणि ती पिस्टनच्या रिंगा न् सिलिंडरच्या भिंती दिवसरात्र घासत बसते. काही महिन्यांनी मागून निळा धूर सुटतो आणि मालक म्हणतो, गाडी तेल खाते. गाडी तेल खात नाही, तुम्ही तिला माती चारलेली असते. शंकू वाईट नाही, ते म्हणाले, पण तो वेळच्या वेळी धुणारा आणि त्याला मापात तेल देणारा मालक पाहिजे. आमच्या मातीत आणि माझ्यासारख्या मालकाकडे कागदच बरा. त्यातही एक गंमत त्यांनी सांगितली. कागदी फिल्टर थोडा मळला की अधिक चांगला गाळतो, कारण त्यावर बसलेला धुळीचा थरच पुढची धूळ अडवतो. मी मात्र दर रविवारी तो ओट्यावर आपटून आपटून साफ करत असे. घड्या उसवून गेल्या होत्या. इतकी वर्षं मी स्वच्छतेच्या नावाखाली गाडीचं नाक फोडत होतो.

ट्रॅक्टरचं रहस्यही तिथंच उलगडलं. बाहेर एक जुना ट्रॅक्टर उभा होता. त्याचं नाक बोनेटच्या वर, उभं, डोक्यावर टोपी. धूळ जमिनीलगत दाट आणि वर विरळ असते, म्हणून नाक उंच. टोपीत हवा गोल फिरते, जड माती बाहेर फेकली जाते. उरलेली खाली तेलाच्या वाटीत बुडून बसते. मिस्त्रींनी वाटी काढून दाखवली. तळाशी चांगला दोन बोटं चिखल होता. त्या कुटारवाल्या ट्रॅक्टरचा राग माझ्या मनातून त्या क्षणी गेला. ज्यानं आपलं नाक इतकं सांभाळलंय त्यानं पुढं जाणं रास्त आहे.

"जुना डबा हाय का फेकला?" मिस्त्रींनी विचारलं. फेकला नव्हता. शिक्षकाच्या घरी काही फेकत नाहीत. डिकीतच होता. त्यांनी तो पुसला, नवा कागदी फिल्टर घातला, बसवायला घेतला आणि मध्येच थांबले.

डब्याच्या सोंडेजवळ एक बारका दांडा असतो. त्याच्या एका टोकाला इंग्रजी 'एस', दुसऱ्या टोकाला 'डब्ल्यू'. एस म्हणजे उन्हाळा, डब्ल्यू म्हणजे हिवाळा. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आजूबाजूची उष्णता शोषली जाते, माठात पाणी गार होतं तशीच. थंड, दमट हवेत तिथं बर्फसुद्धा धरतो. म्हणून डब्ल्यूवर दांडा केला की सोंड बाहेरची हवा बंद करते आणि धुराच्या तापलेल्या नळीभोवतीची गरम हवा ओढते. थंड मुलखासाठी फार शहाणी सोय.

आमचा दांडा डब्ल्यूवर होता. हलत नव्हता इतका गंजला होता.

"हे कोनं केलं?" मिस्त्री म्हणाले.

मी केलं होतं. गाडी घेतली त्या पहिल्या हिवाळ्यात, सोबत मिळालेली पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून. ते पान दुमडून ठेवल्याचंही आठवतं. उन्हाळ्यात दांडा परत फिरवायचा, हे त्याच पानावर खाली लिहिलं होतं. तेव्हापासून दोन डझन नवतपे माझी गाडी ४७ अंशांच्या उन्हात स्वतःच्याच चुलीवरची वाफ हुंगत पळत होती, आणि भाचा म्हणत होता, तिचं नाक चोंदलंय.

घरी येऊन मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. गरम नळीमुळे हवा तीसेक अंशांनी अधिक तापत असेल असं धरलं, तर दहाला तीन टक्के या ढोबळ दरानं सदतीस घोड्यांतले सव्वातीनच्या आसपास कमी होतात. पण मराठी माणसाला साडेतीन हाच आकडा शोभतो. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, शहाणेही साडेतीन. मीही साडेतीनच लिहिले. साडेतीन घोडे मी दोन डझनांहून अधिक वर्षं तबेल्यातच उभे ठेवले होते.

त्याआधी तिथंच मिस्त्रींनी गंज काढून तेलाचा थेंब सोडला, पक्कडीनं हलकेच दांडा ढकलला. टक् असा आवाज झाला. परतीच्या वाटेवर गाडी गुरगुरली नाही. कोलाऱ्याहून चिमूरपर्यंत तिसऱ्या गिअरची आठवण एकदाच झाली, एवढंच. लाल शंकू भाचा परत घेऊन गेला. वाळ्याचा तुकडा बायकोनं पुन्हा कूलरमध्ये शिवला आहे. हवा सुटली की त्याला किंचित पेट्रोलचा वास येतो.

तुमच्या दारात कार्ब्युरेटरवाली ८०० अजून उभी असेल, तर आज संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर बोनेट उघडा आणि काळ्या डब्याच्या सोंडेजवळचा दांडा बघा. डब्ल्यूवर असेल तर एसवर करा. याला पैसे लागत नाहीत. माझ्याकडून मिस्त्रींनी दोन चहाचे घेतले, त्यातला एक मीच प्यायलो.