वाघ फुकट, वाघ तिकिटात

ताडोब्याचं बुकिंग मिळालं नाही की पुण्या-मुंबईची मंडळी आमच्या टिपेश्वरकडे वळतात. पांढरकवड्याजवळचं हे अभयारण्य जेमतेम 148 चौरस किलोमीटर. वाघ दिसला नाही की जिप्सीत तोंडं अशी पडतात, जणू पंगतीत आपल्या पानापाशी येऊन जिलेबी संपली! तिकडे राळेगावच्या शेतकऱ्याला 2018 साली नरभक्षक ठरवलेल्या अवनी वाघिणीची धास्ती फुकटात होती. कापूस वेचताना तो दर चार झाडांमागे वळून बघायचा. पर्यटकांच्या आकड्यात त्याची नोंद नाही. वाघालाही ही पर्यटकांची वर्दळ मानवत नसावी. 2019 मध्ये टिपेश्वरचा एक तरणा वाघ निघाला, तेलंगण फिरला आणि 1300 किलोमीटर चालून थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. बिनाबुकिंग.