हिमनदीला फोन

हिमनदीला फोन लावता येतो असं वाचलं, आणि अस्सल मराठी शंका आली: उचलतं कोण?

२००७ साली केटी पॅटर्सन या स्कॉटिश कलावतीनं ही सोय केली होती. आइसलंडमध्ये वात्नायोकुल नावाचा बर्फाचा अफाट विस्तार आहे. तिथलं वितळलेलं पाणी ज्या सरोवरात उतरतं, त्यात तिनं मायक्रोफोन सोडला आणि तो मोबाइलला जोडून दिला. लंडनच्या प्रदर्शनात भिंतीवर फक्त एक फोन नंबर, निऑन दिव्यांत. तो फिरवला की पलीकडे बर्फाचं ठिबकणं, मधूनच डुबुक. एका वेळी एकानंच ऐकायचं, बाकीच्यांनी थांबायचं. मुकाट ऐकून घ्यायचे फोन आपल्याला नवे नाहीत; माझ्या आत्याचे सगळे फोन याच जातीचे. पण ती निदान मध्येमध्ये "ऐकतोयस ना रे?" म्हणून खात्री तरी करून घेते.

त्याच वर्षी बाईंनी तीन हिमनद्यांचे आवाज त्यांच्याच बर्फाच्या तबकड्यांवर उतरवले आणि तबकड्या पूर्ण वितळेपर्यंत वाजवल्या. घासलेल्या रेकॉर्डबद्दल कुरकुर आपण खूप ऐकली; इथे रेकॉर्ड फडक्यानं टिपून घ्यायची वेळ.

२०१६ मध्ये इटालियन पियानोवादक लुडोविको एइनाउदी ग्रीनपीसच्या मदतीनं ग्रँड पियानो घेऊन आर्क्टिकमधल्या स्वालबार्डला गेले आणि हिमनदीसमोर तरंगत्या फळ्यांवर बसून वाजवून आले. सुंदर वाजवतात, वाद नाही. पण ऐकणारा एइनाउदींना ऐकतो, हिमनदी मागचा पडदा होते. मला आपला फोन बरा वाटतो.

आणि चेलो. मिनेसोटा विद्यापीठातल्या डॅनियल क्रॉफर्ड या विद्यार्थ्यानं २०१३ मध्ये पृथ्वीच्या तापमानाच्या नासाच्या नोंदी घेतल्या, १८८० पासूनच्या, आणि त्या चेलोवर वाजवल्या. एका वर्षाला एक सूर. सर्वात थंड १९०९, म्हणून त्याला चेलोचा सर्वात खालचा सूर. सूर अर्ध्या पट्टीनं चढला, की पृथ्वी साधारण ०.०३ अंशानं तापली असं समजायचं. सुरुवातीला चेलो खर्जात रमतगमत फिरतो, थोडा वर जातो, परत येतो. पुढे मात्र येणं कमी होत जातं. आपल्या मैफलीत गवई तारसप्तकात पोचला की आपण टाळी देतो, कारण तो षड्जावर उतरणार याची खात्री असते. इथे शेवटी नुसताच आरोह, आणि टाळीसाठी उचललेला हात तसाच राहतो.

त्याच्या व्हिडिओच्या शेवटी पडद्यावर मजकूर येतो. शतकअखेर पृथ्वी आणखी १.८ अंश सेल्सिअसनं तापेल असा तेव्हाचा अंदाज; तेवढी तापली तर पुढचे सूर माणसाच्या कानाला ऐकूच येणार नाहीत.