मोरोगोरोचे सेक्रेटरी

पगारी माणसाच्या दारावरचा दिवा फुटला तर तो नवा बल्ब आणतो. स्वयंसेवकाच्या दारावरचा फुटला तर तो आधी दुखावतो. ‘मी इथे एक छदाम न घेता राबतो, आणि माझाच बल्ब?’ अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक दलाच्या पहिल्यावहिल्या तुकड्यांपैकी एक १९६१ साली टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, उतरली होती, रस्ते आखायला. तेव्हापासून हा दुखावलेला चेहरा त्या मुलुखात ओळखीचा आहे. कातडीचा रंग तेवढा बदलतो.

आमचे काका याच जातीचे, पण वरच्या प्रतीचे. मुक्काम डोंबिवली. सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त आणि अकरा वर्षे आपल्या सोसायटीचे बिनविरोध सेक्रेटरी. बिनविरोध, कारण दुसरे कोणी तयार होत नव्हते. टांझानियात मोरोगोरोला ते बायकांच्या बचत गटांना हिशेब शिकवायला आले होते. दार-एस-सलामहून सुमारे १९० किलोमीटर आत, उलुगुरू डोंगरांच्या पायथ्याचे हे गाव. मी त्याच आवारात, पलीकडच्या खोलीत.

खरे तर शिकवण्यासारखे फार नव्हते. गटाची पैशांची पेटी, तिला तीन कुलुपे, तीन किल्ल्या तीन निरनिराळ्या बायकांकडे; पेटी उघडायची ती भर बैठकीत, सगळ्यांदेखत. पहिल्या दिवशी हे पाहून काकांना गहिवरून आले. त्यांच्या सोसायटीच्या गच्चीला एकच कुलूप होते आणि किल्ल्या सात.

डिसेंबरात तिथे आंब्याचा हंगाम. आमच्या फाटकाशीच आंब्याचे झाड, झाडाखाली दिवा, आणि भिंतीपलीकडे बेचक्या घेतलेली पोरे. भूमितीचा प्रश्न होता तो. तिसऱ्या संध्याकाळी बल्ब गेला.

काकांनी वही काढली. ‘मालमत्ता नुकसान नोंद’ असे मथळ्यात लिहून रकाने आखले: दिनांक, वस्तू, नग, सद्यःस्थिती. “काका, बल्ब आहे हो,” मी म्हटले.

“आज बल्ब आहे. उद्या?”

दुसऱ्या दिवशी ते गुन्हेगाराच्या पाळतीवर फाटकात उभे राहिले. आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा दगड लावून बेचकी ताणतच होता. काकांना पाहताच त्याने ती पाठीमागे लपवली, मान झुकवली आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, “शिकामो.” म्हणजे साधारण ‘पाया पडतो.’ वडीलधारे दिसले की तिथे हे म्हणायचेच, आणि वडीलधाऱ्यांनी ‘मराहाबा’ म्हणून ते स्वीकारायचेच. काकांनी ‘मराहाबा’ म्हटले, आणि तिथेच खटला बुडाला. पायाला हात लावणाऱ्याच्या कानाला हात कसा लावणार?

त्यात गल्लीत बातमी पसरली. स्वाहिलीत ‘पोले’ हा शब्द कोणी ठेचकाळले तरी म्हणतात आणि कोणाचा बाप गेला तरी म्हणतात. तीन दिवस येणारा-जाणारा फाटकाशी थांबून, फुटक्या बल्बकडे पाहून ‘पोले साना’ म्हणत होता. काका हात जोडून उभे. दहाव्याला यावीत तशी माणसे येऊन गेली. बल्ब मात्र कोणी आणला नाही. काकांनीही नाही, कारण त्यांच्या मते पंचनामा व्हायचा होता.

शेवटी त्यांनी आपले ठेवणीतले अस्त्र काढले. सुताराकडून चांगल्या लाकडाची, वीतभराहून मोठी गोल पाटी करून घेतली (चौकोनी पाट्या कोणी वाचत नाही, हा डोंबिवलीचा अनुभव), पाठीमागे दोन पट्ट्या ठोकून घेतल्या आणि शब्दकोश मांडीवर घेऊन पांढऱ्या रंगात लिहिले: ‘हाइरुहुसिवी कुतुपा मावे’. दगड फेकण्यास मनाई आहे. सकाळी पाहतात तो कोणी ‘मावे’ खोडून कोळशाने ‘माएम्बे’ केलेले. आता मनाई आंबे फेकायला होती. आणि या नियमाचे पालन अगदी कसोशीने होत होते. एकाही पोराने एकही आंबा फेकला नाही.

“लिहिलंय मात्र शुद्ध,” काका चष्मा वर करून म्हणाले. त्यांनी दुरुस्ती केली. दोन दिवसांनी पाटीच नाहीशी झाली.

आता प्रकरण वर जाणार होते, आणि ते गेलेही. आमच्या घरमालकीणबाई, तिथल्या रिवाजाप्रमाणे ‘मामा’ (मामा म्हणजे आई, हे पचायला मराठी माणसाला महिना लागतो), येऊन सांगून गेल्या: उद्या सा तातूला बालोझी येतील. काकांनी कोश उघडला. सा म्हणजे तास, तातू म्हणजे तीन. बालोझी म्हणजे राजदूत.

“इतक्या वर जायची गरज नव्हती खरं तर,” ते म्हणाले. पण रात्री सफारीला इस्त्री करताना शीळ ऐकू येत होती.

मलाही तेव्हा ठाऊक नव्हते, नाहीतर सांगितले असते. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या पक्षाने १९६० च्या दशकात दर दहा घरांमागे एक प्रमुख नेमायची पद्धत पाडली. त्या दहा घरांच्या प्रमुखालाही बालोझीच म्हणतात. आणि तिथले घड्याळ सूर्योदयापासून चालते. सकाळचे सात म्हणजे एक, नऊ म्हणजे तीन.

तेव्हा सकाळी बरोबर नऊ वाजता सायकलवरून एक वयस्क गृहस्थ आले. काका पंचा नेसून बनियन पिळत होते. फाटकाबाहेरून “होडी”, म्हणजे ‘येऊ का आत?’, अशी हाक आली. काकांनी पाहुण्यांना ओट्यावर बसवले, चहा दिला आणि मोडक्या स्वाहिलीत विनंती केली की जरा लवकर आटपा, तीन वाजता राजदूत यायचे आहेत. गृहस्थ समजुतीने हसले. चहा प्यायले. दिव्याकडे पाहून ‘पोले साना’ म्हणाले, झाडाकडे बराच वेळ पाहिले, दोन आंबे पिशवीत टाकले आणि जाताना मामांना काहीतरी सांगून गेले.

काका सफारी घालून साडेपाचपर्यंत बसले.

निकाल मामांनी संध्याकाळी कळवला. दुपारी फाटक उघडे ठेवा, पोरांना झाडावर चढू द्या. हाताने आंबा मिळत असला की दगड कोण मारेल? काकांना हा निकाल तत्त्वतः मान्य नव्हता. सोसायटीत असे चालले असते तर मेंटेनन्स कोणी भरला नसता. पण तेच पोरगे रोज पहिला आंबा आणून काकांच्या हातात ठेवी आणि ‘शिकामो’ म्हणे, त्यामुळे अपील राहून गेले. नवा बल्ब लागला तो टिकला. पाटीचा तपास तेवढा खुला राहिला.

जानेवारीत एका सकाळी आम्ही बसस्थानकाकडे चाललो होतो. वाटेत त्या मुलाच्या आईची टपरी. चहा, उकडलेल्या शेंगा आणि चपात्या. आपल्यासारख्याच चपात्या, फक्त तेलात सढळ. मी लाटण्याकडे पाहिले आणि मग पोळपाटाकडे. दोन पट्ट्यांवर उभा, गोल, वीतभराहून मोठा. काठाखालून पांढऱ्या रंगाचा एक ओघळ डोकावत होता.

काकांनीही पाहिला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, “पोळपाटाला स्वाहिलीत काय म्हणतात रे?”

“किबाओ.”

“आणि पाटीला?”

“किबाओच.”

त्यांनी चौथी चपाती मागितली. बाईंनी ती लाटली, पाट गर्रकन फिरला, चपाती अगदी वाटोळी झाली. पैसे देऊन काका उठले, बसमध्ये खिडकीशी बसले आणि पिशवीतून वही काढली. ‘पाटी, नग १’ या ओळीसमोर सद्यःस्थितीचा रकाना महिनाभर कोरा होता. बस हलायच्या आत त्यांनी त्यात लिहिले: ‘वापरात.’