दाखल व्हा, मग बोला

29 ऑक्टोबर 2024 पासून ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डाने वयाला रीतसर वंदन सुरू झाले. सत्तरी गाठलेल्यांना वर्षाला, कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत मोफत उपचार. उत्पन्नाची अट नाही, जुना मधुमेह असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण. चांगलेच आहे, उगाच नावे कशाला ठेवा?

फक्त म्हातारपणाने योजनेची नियमावली वाचलेली नाही. योजना ओळखते ती खाटेवर दाखल झालेल्याला. ओपीडीतली तपासणी, रक्तदाबाची रोजची गोळी तिच्या हिशेबात नाही. आजोबा न्हाणीघरात घसरले, खुबा मोडला, तर शस्त्रक्रिया होईल. न घसरण्यासाठी भिंतीला दांडा हवा असेल तर तो स्वखर्चाने. घरी सोडल्यावर 15 दिवसांची औषधे मिळतात. सोळाव्या दिवसापासून त्यांना उठवणे, बसवणे, डायपर बदलणे ज्या योजनेत बसते तिचे नाव ‘सूनबाई’. तिला नोंदणी लागत नाही, आधार लागत नाही, पगार तर नाहीच नाही. ती नोकरी करत असेल तर मावशी ठेवायच्या, आणि त्यांचा महिन्याचा आकडा ऐकून आजींचा रक्तदाब वाढतो. दाखल होण्याइतका मात्र वाढत नाही, हीच अडचण.

विसराळूपणाचे तर विचारूच नका. तोच प्रश्न दिवसातून दहादा विचारला म्हणून कुणी खाट देत नाही.

तरी कार्ड काढून घ्याच, मोफत आहे. आणि आजारी पडायचेच असेल, तर अर्धवट पडू नका.