गोळी गेली, पण गेली कुठे?

भाकरीचा भलामोठा घास धड न चावता गिळणारा गडी मुगाएवढ्या गोळीपुढे मात्र हात टेकतो. पाणी मुकाट्याने पोटात जातं. गोळी जिभेवर ठाण मांडून बसते, कडू होईपर्यंत. मग मान मागे टाकून दुसरा घोट. कॅप्सूलची तऱ्हा आणखी वेगळी. ती हलकी, पाण्यावर तरंगते. मान मागे टाकली की घशाऐवजी दातांकडे परत येते. जर्मनीत हायडेलबर्गच्या संशोधकांनी यावर रीतसर प्रयोग केले आणि २०१४ मध्ये सांगितलं, कॅप्सूल गिळताना मान पुढे झुकवा. म्हणजे औषधापुढे मान तुकवायची. (बिल देताना ती तुकलेली असतेच.)

खरा छळ पुढे, छातीत. गोळी केव्हाच जठरात पोचलेली असते, तरी अन्ननलिका ‘अडकलंय, अडकलंय’ म्हणून हाकाटी करत राहते. घरातलं कुणीतरी लगेच केळं पुढे करतं. कधीकधी गोळी खरंच अडकते, आणि डॉक्सिसायक्लिनसारखं औषध तिथेच विरघळलं तर आत व्रण पडतो. तेव्हा झोपता झोपता घोटभर पाण्यावर गोळी ढकलू नका. पेलाभर पाणी प्या आणि अर्धा तास तरी आडवे होऊ नका.